खेपेचा भाव

पार्कसाइटच्या डोंगरावर घराचं काम काढायचं तर पहिला प्रश्न रेतीचा. विक्रोळीच्या बाजूने डंपर जिथवर येतो तिथे माझं रेती-सिमेंटचं दुकान आहे. दुकानापुढे पायऱ्या सुरू होतात. वर्षानगरकडे चढणाऱ्या गल्ल्या अशा अरुंद, की समोरून हंडा घेऊन कोणी बाई आली तर आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं. तिथे हातगाडी चालत नाही. बिगाऱ्यांनी डोक्यावरून घमेली वाहिली तर मजुरी रेतीच्या किमतीच्या वर जाते. म्हणून गाढवं.

आमच्याकडे गाढवं आहेत ती वडारकाकांची. मूळचे सोलापूरकडचे, पण वडिलांपासून इथेच. चार जनावरं, त्यात भुरी आणि काळी ही जोडी जुनी. काका माझे नोकर नाहीत. गिऱ्हाईक माझ्याकडून रेती घेतं, वर पोचवायचे पैसे काकांना वेगळे देतं, तेही खेपेवर. ते मला शेठ म्हणतात. साताऱ्याहून आलेल्या माणसाला शेठ म्हणवून घ्यायला अजूनही चमत्कारिक वाटतं, पण गल्ल्यावर बसणारा तो शेठ, असा हिशेब आहे.

भुरीच्या पाठीवर जखम होती. ती नेहमीच असायची. मानेच्या मागे जिथे पाठ उंच होते तिथे. पावसाळ्यात चिघळायची, थंडीत खपली धरायची. काका त्यावर गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायचे. माश्या बसत नाहीत, म्हणायचे. आणि ते खरंही होतं, माश्या बसत नव्हत्या. पण गेल्या पावसाळ्यात जखमेला वास यायला लागला, तेव्हा दुकानात सिमेंट घ्यायला आलेली माणसंही नाकाला रुमाल लावू लागली.

त्याच सुमाराला एका संस्थेची गाडी रविवारी सकाळी यायला लागली. एक डॉक्टरबाई, एक मदतनीस मुलगा आणि मागे औषधांच्या पेट्या. गाढवं कुठे उभी असतात, असं त्यांनी नाक्यावर विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्या दुकानाकडे बोट दाखवलं. गाडी दिसताच काकांनी चारही जनावरं वर पिटाळली आणि स्वतःही गायब झाले.

त्याला कारण होतं. पूर्वी एकदा काही पोरं आली होती, मोबाइल समोर धरून. जखमेचा व्हिडिओ काढला, काकांना नाही नाही ते बोलली, पोलिसात देतो म्हणाली आणि गेली. औषधाचा एक थेंब कुणी दिला नाही. असल्या प्राणिप्रेमाबद्दल माझं मत फार चांगलं नाही. कायद्याचा धाक म्हणावा तर १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड सांगतो. तेवढ्याची काकाही पर्वा करणार नाहीत. भीती वेगळीच आहे. त्याच कायद्याने जनावर उपचारासाठी दवाखान्यात किंवा पांजरपोळात ठेवून घेता येतं आणि तिथवर न्यायचा-ठेवायचा खर्च मालकाच्या डोक्यावर बसू शकतो. चारातलं एक जनावर गेलं तर काकांची पावभर कमाई गेली, वर खर्च.

डॉक्टरबाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी वही-पेन गाडीतच ठेवलं. दुकानाच्या पायरीवर बसून चहा घेतला. काका लांबूनच बघत होते. बाईंनी तिथूनच विचारलं, "काका, ही पुढची दुवान का चौवान?" म्हणजे दोन दाती का चार दाती; बाजारात गाढवाचं वय असं दातांवरून विचारतात.

काका दोन पावलं पुढे आले. "अखंड झाली की कवाच, समदे दात आल्यात. जेजुरीस्नं आणलीया."

मग पौषातल्या पौर्णिमेचा जेजुरीचा बाजार निघाला. काठेवाडी जनावराला काय भाव फुटला, पूर्वी किती माल यायचा, आता किती कमी येतो. हे काकांचं रडगाणं मी बरंच ऐकलेलं, पण बाईंनी आकडाच सांगितला: २०१९ च्या पशुगणनेत देशात सव्वा लाखाच्या आतच गाढवं उरलीत, २०१२ पेक्षा ६१ टक्के कमी. काका गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हंजी ही गेली तर दुसरी मिळायची न्हाई." भुरीचं दावं त्यांनी स्वतःच बाईंच्या हातात दिलं.

पुढचा अर्धा तास मी गिऱ्हाइकाकडे पाहिलंच नाही. मदतनीस मुलाने भुरीचं डोकं खांद्याशी घट्ट धरलं. बाईंनी आधी जखमेभोवतीचे केस कातरले. केस गेल्यावर कळलं की वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत तळहाताएवढी पोखरलेली आहे. मिठाच्या पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या ओतून त्यांनी ऑइलचा काळा थर काढला, मग चिमट्याने एकेक किडा. पांढरे, भाताच्या शितासारखे, पण वळवळणारे. काढून ते एका डबीत टाकत होत्या. भुरी हलली नाही. फक्त कान मागे गेले. काका कौतुकाने म्हणाले, "लई सोशिक हाय." बाई मान वर न करता म्हणाल्या, "सोशिक नाही काका, ही दाखवत नाही. घोडा दुखलं तर तमाशा करतो. गाढवाने खाणं सोडलं तर समजा, पाणी गळ्याशी आलंय." त्या वाक्याची किंमत आम्हाला पुढे कळली.

धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. सेंट्रिंगचे गंजके खिळे आमच्या डोंगरावर पावलोपावली पडलेले असतात आणि घोडा-गाढवाला धनुर्वात माणसापेक्षाही चटकन होतो, हे मला नवीन होतं. जंताचं औषध दिलं. खूर तासले, ते इतके वाढले होते की जनावर टाचेवर रेलून चालत होतं. आणि पोटाला हात लावून बाईंनी काकांकडे पाहिलं. "गाभण आहे हे सांगितलं नाहीत."

"अजून लई येळ हाय की," काका म्हणाले. गाढवीला वर्षभर दिवस जातात, सहावा असेल.

सगळं फुकट झालं. मग खर्चाची बाब आली. बाई म्हणाल्या, जखम भरेपर्यंत पाठीवर काही टाकायचं नाही. काका हसले. राग नाही, चेष्टा नाही, लहान पोराने काहीतरी मागितल्यावर हसतात तसं. औषध फुकट असतं, दिवस फुकट नसतो. फुकट दवाखाना चालवणाऱ्यांना बऱ्याचदा एवढंच कळत नाही. या बाईंना कळत होतं. त्यांनी काकांशी वाद घातला नाही, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुमचा काटा जरा वापरू का?"

काळीच्या पाठीवरच्या दोन गोण्या काट्यावर ठेवल्या. एक ३८ किलो, दुसरी ४१. दोन्ही मिळून ऐंशीच्या घरात. १९६५ च्या नियमांत वजनं ठरवलेली आहेत, बाईंनी तोंडपाठ सांगितली: खेचराला २००, तट्टाला ७०, गाढवाला ५० किलो. दिवसात नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ च्या पुढे असेल तर दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. ५० किलो म्हणजे सिमेंटची एक गोणी. माझा सगळा धंदा त्या आकड्यावर चालतो आणि गाढवाचाही आकडा तोच आहे हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. व्हिक्टोरिया म्हणजे मुंबईच्या घोडागाड्या; त्यांच्या घोड्यांवर केवढी चर्चा झाली. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बंद करायला सांगितल्या, पेपरभर फोटो. डोंगरावरचं गाढव कुणाच्या वाटेत येत नाही, म्हणून कुणाच्या नजरेतही येत नाही.

पण नियम सांगून काकांच्या गोण्या हलक्या होणार नव्हत्या. गोण्या जड का भरायच्या? कारण पैसे खेपेवर. गिऱ्हाइकाला खेपा कमी हव्यात, म्हणून तो उभा राहून गोणी ठेचून भरून घेतो, आणि काकांना काम टिकवायचंय म्हणून ते भरू देतात. जनावर दमतं, चार वाजता थांबतं, खेपा आणखी कमी होतात. मी गल्ल्यावरच्या कागदावर हिशेब मांडला. खेपेऐवजी घमेल्यावर दर लावला तर? गोणीत घमेली कमी, खेपा जास्त, गिऱ्हाइकाचे पैसे तेवढेच, काकांचेही तेवढेच. फक्त गिऱ्हाइकाचा माल वर पोचायला थोडा वेळ लागणार. काकांना पटेना. त्यांचं म्हणणं, उतरताना जनावर रिकामंच असतं, पण माझे गुडघे रिकामे नसतात. वाढलेल्या खेपांना मीच चढायचं ना? हेही खरं होतं. शेवटी त्यांचा थोरला मुलगा, जो बिगारी कामाला पवईला जायचा, तो आठवड्यातले काही दिवस घरच्या जनावरांमागे चालायला लागला. त्याची बिगारी तितकी बुडाली. सगळं जमलं असं मी म्हणणार नाही; इकडचं तिकडे झालं.

गादीचं मात्र खरंच जमलं. जखम वजनाने झाली होती त्याहून जास्त गादीने. गादी कसली, दुमडलेलं एक गोणपाट आणि त्यावरून नायलॉनची दोरी. गोणपाट सरकतं, दोरी कण्यावर करवतीसारखी चालते. बाईंनी जमिनीवर खडूने आकृती काढली: कण्याच्या दोन बाजूंना दोन लांब लोड, मधे खाच, अशी की भार बरगड्यांवर यावा आणि कण्याला काही लागू नये. काकी इतका वेळ दारात उभ्या होत्या. आकृती बघून म्हणाल्या, "हे तर माझा बाप करायचा." गावाकडे असताना सासर-माहेर दोन्हीकडे अशाच गाद्या शिवायचे, मुंबईत गोणपाट फुकट मिळायला लागलं आणि सुटलं. त्यांनी जुन्या सुती लुगड्याच्या दोन थैल्या शिवल्या. आत भरायला पेंढा लागणार होता, तो एका तबेल्यातून आणला. टाका गोधडीचा, उभा आणि दाट. खाचेत चार बोटं आडवी मावतात का ते काकींनी प्रत्येक जनावराच्या पाठीवर ठेवून पाहिलं. शेपटीखालून जाणारी दोरी काढून तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये कापड गुंडाळून पट्टा केला. या सगळ्याला पैसे जवळजवळ पडले नाहीत.

भुरी आता दुकानामागे बांधलेली असायची. डोंगरावरच्या बायकांना तिची दया यायची, त्यात गाभण म्हटल्यावर जास्तच. कुणी शिळ्या चपात्या, कुणी पाव. जखम सुंदर भरत होती, कडेने गुलाबी कातडी येत होती. आणि मग एका सकाळी तिने चपातीकडे पाहिलं नाही. संध्याकाळी गवताकडेही नाही. काका म्हणाले, पोट बिघडलं असेल, उद्या खाईल. मला ते चिमट्याच्या वेळचं वाक्य आठवलं आणि मी बाईंना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं: काळी कुठे आहे? काळी दिवसभर वर कामाला. जोडीतली गाढवं अशी तोडायची नसतात, एकटं पडलेलं जनावर खाणं टाकतं. आणि खाणं टाकलेलं गाढव, त्यात गाभण, त्यात बसून पाव-चपात्या खाऊन जाड झालेलं, म्हणजे अंगातली चरबी एकदम रक्तात उतरायला लागते. त्यात यकृत बसतं. "उद्याची वाट बघू नका. परळला आणा. आणि काळीला सोबत आणा."

परळ म्हणजे बैलघोडा हॉस्पिटल. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे नाव पाटीवर, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगावं लागतं. १८८३ सालचं. तेव्हा मुंबईच्या ट्रामही घोडेच ओढायचे आणि सगळा माल बैलगाड्यांवर, त्यामुळे शहराला हा दवाखाना म्हणजे आजच्या भाषेत वर्कशॉपच होता. सर दिनशॉ पेटिटांनी पत्नीच्या नावाने दिला. १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघालं तेही त्याच परिसरात.

पण विक्रोळीहून परळला गाढव न्यायचं कशात? माझ्या ओळखीच्या टेम्पोवाल्यांनी नकार दिला. एक जण म्हणाला, शेठ, सिमेंट टाका, मढं टाका, गाढव नको, नाक्यावर पोरं नाव ठेवतील. शेवटी माझा लाद्या आणणारा टेम्पो रात्री रिकामा होता, त्याला डबल भाडं कबूल केलं. परांचीच्या दोन फळ्या लावून चढ केला. पत्र्यावर खूर घसरतात म्हणून खाली रेती पसरली, चांगली चार बोटं. काळी आधी चढली, तिच्यामागे भुरी कुरकुर न करता. काका दोघींच्या मधे उभे, मी ड्रायव्हरशेजारी. हायवेने सायनपर्यंत ठीक, तिथून पुढे सिग्नलला प्रत्येक बसमधून माणसं वाकून बघत होती.

केसपेपर करताना काका पुन्हा बिचकले. पत्ता, फोन, सही. आणि रक्त काढणार म्हटल्यावर तर माझा दंडच धरला. घोडा-गाढवांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो. तो माणसालाही लागतो, आणि तपासणीत निघाला तर जनावर मारावंच लागतं. कुणाकडून तरी काकांनी ते ऐकलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की हे रक्त चरबीसाठी आहे. नळी टेबलावर उभी करून ठेवली. थोड्या वेळाने लाल भाग खाली बसला आणि वरचं पाणी, जे पिवळसर आणि आरपार दिसायला हवं, ते पातळ दुधासारखं पांढरट झालं होतं. काकांना रिपोर्ट वाचता येत नाही, पण ती नळी त्यांनी वाचली. मग त्यांनी काही विचारलं नाही. सलाइन लागलं, नाकातून नळी घालून गुळाचं पाणी आणि पातळ पेज पोटात सोडली, शेजारच्या खुंट्याला काळी.

जनावराजवळ घरचं माणूस राहिलेलं बरं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा काका परळला, मुलगा आणि काकी डोंगरावर उरलेल्या दोन जनावरांच्या मागे. माझ्याकडच्या दोन गिऱ्हाइकांनी तेवढ्यात बिगारी लावून माल वर नेला आणि बिल बघून मलाच शिव्या घातल्या. भुरीने तिथे पहिल्यांदा तोंड लावलं ते तिच्यासाठी टाकलेल्या गवताला नाही, काळीच्या पुढ्यातल्याला. काकांनी लगेच फोन करून सांगितलं. मागे कुणाचं तरी घोडं जोरजोरात खिंकाळत होतं, म्हणून निम्मं ऐकूच आलं नाही.

ती परत आली आहे. चपात्या बंद, दुकानावर पाटी लावली आहे, तरी लोक टाकतात. दोघी आता एकत्रच बांधतो किंवा एकत्रच जातात. भुरी रिकाम्या पाठीने काळीमागे चढ-उतार करते, डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलंय म्हणून. दिवस भरत आले की तेही बंद. धनुर्वाताच्या पुढच्या इंजेक्शनची आणि खूर तासायची तारीख माझ्या गल्ल्यामागच्या कालनिर्णयवर लिहिलेली असते, कारण काका फोन बदलत राहतात आणि दुकान काही बदलत नाही. टेम्पोचं निम्मं भाडं संस्थेने दिलं, उरलेलं मी आणि काकांनी वाटून घेतलं. काकांचा वाटा अजून वहीत आहे, आणि त्यावरून आमची बोलाचाली चालू असते.

घमेल्याचा दर मात्र सगळ्यांनी धरलेला नाही. नेहमीची गिऱ्हाइकं ऐकतात. कंत्राटदार ऐकत नाहीत. एकाने सरळ असल्फ्याच्या बाजूची गाढवं आणली, खेपेवर, गोण्या गळ्यापर्यंत ठासून. काकांनी ती जनावरं पायऱ्यांवर पाहिली आणि मला येऊन सांगितलं की तिघींच्या पाठी फुटल्यात. डॉक्टरबाईंना कळवलं. येत्या रविवारी गाडी तिकडे नेणार आहेत, आणि मी सोबत यावं असं त्यांचं म्हणणं आहे. गाढववाल्यांशी काका बोलतील, पण तिथे रेतीचं दुकान ज्याचं आहे त्याच्याशी दुकानदारानेच बोललेलं बरं. माझं आणि त्याचं धंद्यावरून फारसं पटत नाही. जाईन. माझा काटा मात्र टेम्पोत टाकून नेणार, कारण त्याचा काटा किती खातो ते अख्ख्या विक्रोळीला माहीत आहे.